कँटरबरीची रिकामी खुर्ची आणि इंग्लंडचे मुसलमान

२०२५ मध्ये नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, पोप तर मे महिन्यातच निवडले गेले ना? मग आता पुन्हा कुणाची निवड?" सवाल रास्त होता. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला वारले आणि ८ मेला लिओ चौदावे निवडूनही आले. पण इंग्लंडचं चर्च वेगळं, ते पोपला मानत नाही. त्याचे प्रमुख म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप. ही गादी इ. स. ५९७ पासून चालत आली आहे आणि ६ जानेवारी २०२५ पासून ती तेव्हा रिकामी होती. नवं नाव तेव्हा जाहीर व्हायचं होतं. लंडनमध्ये त्यावर चक्क सट्टाही लागतो!

आधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पायउतार व्हावं लागलं, त्याचं कारण शिक्षक म्हणून मला जास्त बोचतं. जॉन स्मिथ नावाचा एक नामांकित वकील ख्रिस्ती शिबिरं चालवायचा. इंग्लंडमध्ये आणि पुढे आफ्रिकेत त्याने शंभराहून अधिक मुलांवर आणि तरुणांवर अमानुष अत्याचार केले. वेल्बींच्या कानावर हे २०१३ मध्ये गेलं होतं, पण पाठपुरावा झाला नाही. स्मिथ २०१८ मध्ये मेला, खटला न चालताच. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौकशी अहवाल आला आणि पाच दिवसांत वेल्बींनी राजीनामा जाहीर केला. वेल्बींनी स्वतः कुणाला हात लावला नव्हता. ऐकलं आणि पुढचं काम दुसऱ्यांवर सोडलं, एवढाच त्यांचा गुन्हा. शाळा, मदरसा, वसतिगृह चालवणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा. "संस्थेची बदनामी नको" हे वाक्य आपल्याकडेही काही कमी ऐकू येत नाही.

आता निवड कशी होते ते बघा. या निवडीसाठी सतरा जणांची समिती होती, अध्यक्ष होते गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख लॉर्ड इव्हान्स. सतरापैकी पाच जण जगभरच्या अँग्लिकन चर्चचे. मतदान गुप्त, आणि किमान बारा मतं हवीत. मग नाव पंतप्रधानांकडे जातं आणि ते राजाला कळवतात. तेव्हाचे पंतप्रधान स्टार्मर तर देवच मानत नाहीत! गंमत म्हणजे १८२९ च्या कायद्याने कॅथलिक माणसाला हा सल्ला देण्याची मनाई आहे, पण हिंदू सुनक यांना ती आड आली नाही.

चर्चेतल्या नावांत नॉर्विचचे ग्रॅहम अशर होते, लेस्टरचे मार्टिन स्नो होते आणि लंडनच्या तेव्हाच्या बिशप सारा मुलाली, ज्या पूर्वी इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी होत्या. पण आपल्या वाचकांनी लक्ष द्यावं असं नाव चेम्सफर्डच्या बिशप गुली फ्रान्सिस-देहकानी यांचं. जन्म १९६६ चा, इराणच्या इस्फहानमधला. वडील जन्माने मुसलमान, नंतर ख्रिस्ती झाले आणि इराणचे बिशप बनले. क्रांतीनंतर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. १९८० मध्ये त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलाचा, म्हणजे गुलींच्या भावाचा, खून झाला. कुटुंब देश सोडून इंग्लंडला गेलं. हे वाचून आपल्यातल्या कुणाला अवघडल्यासारखं होईल. मलाही झालं. पण बेकसूर पोराचा खून तो खूनच, त्याला क्रांतीचं नाव देऊन हलकं करता येत नाही.

महिलेचं नाव आलं की दुसरा पेच उभा राहतो. २०१४ पर्यंत या चर्चमध्ये बाई बिशप होऊच शकत नव्हती. अनेक आफ्रिकी चर्चना हे आजही मान्य नाही. त्यात २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांच्यातल्या मोठ्या गटाने कँटरबरीचं नेतृत्वच नाकारलं. त्यामुळे नव्या माणसाला घर फुटलेलंच मिळणार होतं.

मग आपला संबंध काय? तिथल्या मुसलमानांचा आहे, आणि थोडाथोडका नाही. २००८ मध्ये तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स म्हणाले होते की शरियतच्या काही बाबींना ब्रिटिश कायद्यात जागा द्यावी लागेल. केवढा गदारोळ झाला होता! २०२४ च्या ऑगस्टमध्ये दंगली झाल्या, मशिदींवर हल्ले झाले, तेव्हा वेल्बींनी लिहिलं की क्रॉस मिरवणारे हे अतिउजवे ख्रिस्ती धर्माच्या विरोधात आहेत. आणि १३ सप्टेंबर २०२५ ला टॉमी रॉबिन्सनच्या मोर्चाला पोलिसांच्या अंदाजाने एक लाखाहून जास्त लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले. त्यात लाकडी क्रॉस होते, येशूच्या नावाच्या घोषणा होत्या.

हा क्रॉस आमचा नाही, असं त्या गर्दीला तोंडावर सांगायची ताकद त्या देशात मौलानांपेक्षा आर्चबिशपकडे जास्त आहे. त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा असते, राजाचा राज्याभिषेक तेच करतात. म्हणून बर्मिंगहॅम-ब्रॅडफर्डच्या मशिदींतही तेव्हा त्या सतरा जणांच्या बैठकीकडे कान लागले असतील, तर त्यात नवल नव्हतं. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की नाव जाहीर झालं की फळ्यावर लिहू.