नोटा छापून मंदी टळते का?

२०२० च्या मे महिन्यातली गोष्ट. टाळेबंदी होती. आमच्या बचत गटाचं पापड-शेवयांचं काम ऐन हंगामात बंद पडलेलं. धान्याच्या पिशव्या पोचवायला गेले, तेव्हा गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, नाशिकरोडला नोटांचा कारखाना आहे म्हणतात. मग सरकार नोटा छापून वाटत का नाही?"

मी नुसती हसले. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं (मार्क विचारू नका!), तरी उत्तर देता आलं नाही. आणि प्रश्न काही खुळा नव्हता. अमेरिका तेव्हा जवळपास तेच करत होती. मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारनं २ लाख कोटी डॉलरहून मोठी मदत मंजूर केली, बहुतेक प्रौढांना १,२०० डॉलर थेट दिले. तिथली मध्यवर्ती बँक सरकारी रोखे विकत घेत सुटली. रोखे घेतले की तेवढा नवा पैसा बँकांच्या खात्यात जमा होतो, छापखान्याचं यंत्र फिरवावंच लागत नाही. तिथली मंदी दोनच महिन्यांत आटोपली. त्यांच्या नोंदीतली ही सगळ्यांत छोटी मंदी.

आपल्याकडे एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं. सरकारनं २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा डोळे दिपवणारा होता, पण त्यातला मोठा भाग कर्ज, कर्जाची हमी आणि रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिलेला पैसा. बायकांच्या जनधन खात्यात थेट आले ते महिना ५०० रुपये, तेही तीनच महिने. शिवाय रेशनवर फुकट धान्य, उज्ज्वलाचे सिलिंडर.

मावशींचे पहिले ५०० कुठे गेले, ते मी पाहिलंय. किराणावाल्याची उधारी फेडली, त्यानं त्याच पैशातून गिरणीवाल्याचं देणं दिलं, गिरणीवाल्यानं दूधवाल्याचं. एका नोटेनं चार घरं हलली! मंदीत सगळेच मूठ आवळतात. माझा खर्च ही दुसरीची कमाई असते, ती थांबली की तिचाही खर्च थांबतो. अशा वेळी सरकारनं मूठ उघडायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कर्जाचं बघा. बचत गटांना विनातारण कर्जाची मर्यादा तेव्हा १० लाखांवरून २० लाख केली. मी हौसेनं बैठकीत सांगितलं. एक हात वर झाला नाही. पापडाला गिऱ्हाईक नाही, तर कर्ज काढून करायचं काय?

आमचे हे म्हणतात, फुकट वाटलं की सवय लागते. मग काम देऊन द्या की! माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात. मजुरी हाती पडली की आठवडी बाजारात जायची. पुढे त्यातूनच आपल्या राज्याची रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. राज्य सरकारला काही नोटा छापता येत नाहीत.

पण छापलेला पैसा फुकटचा नसतो, हेही खरं. माल तेवढाच आणि पैसा जास्त झाला की भाव चढतात. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांत नव्हती एवढी. युक्रेनचं युद्ध, अडकलेला माल ही कारणं होतीच, पण वाटलेल्या पैशाचाही त्यात वाटा होता. आपल्याकडेही त्याच एप्रिलमध्ये ती ७.७९ टक्के झाली. आपण तर लोकांच्या हातात फारसं काही दिलंही नव्हतं! ज्यांच्याकडे सोनं, प्लॉट, ते अशा वेळी तरून जातात. डाळीच्या डब्यात पैसे ठेवणारीचे मात्र डब्यातल्या डब्यात कमी होतात.

म्हणून पुन्हा तशी वेळ आली तर नवा पैसा आधी तिच्या हातात द्या, पुरेसा द्या आणि बाजार हलला की वेळीच आवरा. मावशींचे १,५०० रुपये जूनमध्येच संपले होते. गटाचं काम नीट सुरू व्हायला २०२१ ची दिवाळी उजाडली.