कंस कुठे गेला?

सातबारा ऑनलाइन झाला याचं कौतुक करणाऱ्यांत मीही आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'मास्तरांना कॉम्प्युटरचं वावडं' म्हणून पुढचं कुणी वाचायचं नाही. पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. पूर्वी त्याच कागदासाठी भाऊसाहेब आज कोणत्या गावाला गेलेत, याचा तपास लावण्यापासून सुरुवात असायची. तेव्हा सोय झाली, हे शंभर टक्के मान्य.

माझं भांडण दुसरंच आहे. जुन्या दप्तरातली माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना जे बिघडलं, ते नीट करून घेण्याचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर का? माहिती नेली कुणी? सरकारने. चुकली कुणाच्या हातून? सरकारच्याच. मग अर्जदार म्हणून शेतकरी कसा उभा?

आमच्या मुळशी तालुक्यातच हिंजवडी आहे. जगभरच्या बँकांचे आणि कंपन्यांचे डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेण्याची कामं तिथे चालतात. माझा एक जुना विद्यार्थी हेच करतो. शनिवारी रात्री कामावर जातो आणि रविवारी डोळे चोळत घरी येतो. 'एवढं रात्रभर काय करता रे?' म्हणून मी एकदा त्याला खोदून खोदून विचारलं. त्याने सांगितलं ते असं. पेटी उचलून या खोलीतून त्या खोलीत ठेवण्याइतकं हे सोपं नसतं. जुन्या तक्त्यात जे रकाने होते ते नव्यात नसतात, नव्यात जे सक्तीचे असतात ते जुन्यात रिकामे असतात. म्हणून आधी खऱ्या माहितीची नक्कल घेऊन तालीम करायची, एकदा नाही, तीन-चारदा. नेण्यापूर्वी बेरजा घ्यायच्या, नेल्यावर पुन्हा घ्यायच्या आणि ताडून बघायच्या. जुनी यंत्रणा लगेच मोडायची नाही, गडबड झाली तर मागे फिरायची वाट ठेवायची. आणि ज्याची माहिती आहे त्याच्या माणसांनी तपासून सही दिल्याशिवाय काम पुरं झालं म्हणायचं नाही. यात काही चुकलंच तर रात्री तीन वाजता फोन त्याला येतो. बँकेच्या खातेदाराने कोर्ट-फी स्टँप लावून अर्ज करायचा नसतो.

आता सातबाऱ्याकडे या. अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ ची. २००८ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, मग आपल्याकडे ई-फेरफार आलं. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे. ते यंत्राने आपोआप थोडेच भरले जाणार! माणसांनीच एकेक ओळ वाचून भरले. तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गावोगावची कामं सांभाळून हस्तलिखित समोर ठेवून पडद्यावरच्या नोंदी जुळवल्या. आधी 'एडिट' झालं, मग त्यातही चुका राहिल्या म्हणून 'री-एडिट'. मला तलाठ्यांना दोष द्यायचा नाही. एका माणसावर दोन-दोन, तीन-तीन गावं टाकून वर तारखेचा धाक घातला की काय होणार, हे परीक्षेचे पेपर तपासलेल्या कुणालाही कळेल.

पण चुका कसल्या होत्या, ते बघा. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याची स्वतःची एक भाषा होती. एखाद्याचा हक्क संपला की त्याच्या नावाला कंस व्हायचा. कंसातला माणूस म्हणजे गेलेला, विकून मोकळा झालेला किंवा हक्कसोड दिलेला. त्या दोन वाकड्या रेघांत अख्खं खरेदीखत मावायचं. हिस्से आण्या-पैत असायचे. जुन्या फेरफारांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत, पुढच्या कागदांत हेक्टर-आरमध्ये. '१-२०' ही एकर-गुंठ्यांतली नोंद म्हणजे साठ गुंठे, साधारण ०.६१ हेक्टर. तीच कुणी १.२० हेक्टर म्हणून वाचली तर जमीन जवळजवळ दुप्पट! शून्य हेक्टर पाच आर हे कुणी '०-५' लिहिलेलं असतं, ते ०.५ भरलं की पाचाचे पन्नास आर होतात. इथे आमच्याकडे गुंठ्याचा भाव काय चाललाय तो तुम्हाला ठाऊक आहेच. एका टिंबात भावाभावांत कोर्ट लागतं.

आमच्या मेहुण्यांचं प्रकरण सांगतो. जिल्हा दुसरा आहे, गाव-तालुका लिहीत नाही. त्यांच्या वडिलांनी चुलत्यांचा हिस्सा रीतसर विकत घेतला होता, फेरफार मंजूर होता, चुलत्यांच्या नावाला कंस होता. संगणकाच्या उताऱ्यावर कंस नाही! चुलते, म्हणजे वारून तीस वर्षं झालेला माणूस, पुन्हा मालक. मेहुण्यांनी अर्ज केला. कायद्याप्रमाणे हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, म्हणजे चुलत्यांच्या नातवंडांना. त्या बिचाऱ्यांना या जमिनीचा पत्ताही नव्हता. नोटीस आल्यावर लागला. आता ते म्हणतात, 'नाव आहे ना कागदावर, मग राहू द्या की.' पावणेदोन वर्षं तारखा चालू आहेत. सरकारने न विचारता एक वारस-वाद पैदा केला आणि आता न्याय द्यायला खुर्चीत तेच बसले आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडून पाहा. कलम १५० प्रमाणे हक्कात बदल करायचा तर फेरफाराची नोंद हवी, चावडीवर प्रसिद्धी हवी, संबंधितांना नोटीस हवी. कलम १५७ म्हणतं की अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. ही दोन्ही एकत्र वाचा. मेहुण्यांच्या सातबाऱ्यावर बदल झाला, त्याला फेरफार क्रमांक नाही, नोटीस नाही, काही नाही. आणि तरीही झालेली नोंद खरी! ती खोटी आहे हे दाखवायचं कुणी? मेहुण्यांनी.

यावर उत्तर ठरलेलं असतं: 'एवढ्या मोठ्या कामात चुका होणारच. म्हणून तर २०१७ साली मे-जूनमध्ये चावडीवाचन केलं. तेव्हा कुठे होतात?' पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे. मुळशी, मावळ, खेड, जुन्नरची किती घरं मुंबईत राबतात! डबेवाल्यांची वार्षिक सुट्टी एप्रिलमध्ये, गावच्या जत्रांना. ते परत गेल्यावर इथे वाचन. ज्याचं पोट मुंबईत आहे त्याने चावडीवर बसून आपला गट नंबर कधी पुकारला जातो याची वाट पाहायची? आणि बसला तरी कंस कानाने ऐकू येतो का? वाचणारा नाव वाचतो. नाव तर बरोबरच होतं.

विलायतेत काय झालं तेही ऐका. टीएसबी नावाच्या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेवरून नव्यावर नेली आणि लाखो लोकांना आपलेच पैसे दिसेनात. बँकेने ग्राहकांना तीन कोटींहून जास्त पौंड भरपाई दिली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी वर ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोकला. तिथले सगळे काही हरिश्चंद्राचे अवतार नाहीत. पण हलवणाऱ्याने निस्तरायचं, एवढं त्यांनी धरून ठेवलं. आपल्याकडे दंड नको, भरपाईही नको. अर्ज तरी आमच्याकडून मागू नका!

आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम १५५ मध्येच आहे की महसूल अधिकाऱ्याच्या तपासणीत लेखनचूक दिसली तर ती दुरुस्त करता येते. खातेदाराने दार ठोठावलंच पाहिजे असं तिथे नाही. तेव्हा जिथे संगणकावरचा बदल कुठल्याही फेरफाराशी जुळत नाही, तिथे खात्याने स्वतःहून प्रकरण काढावं, नोटिशीत 'ही आमची नक्कलचूक आहे' असं स्वच्छ लिहावं आणि मुदतीत निकाली काढावं. नोटिशीतल्या त्या एका वाक्याने मेहुण्यांकडची निम्मी भांडणं उद्भवलीच नसती. स्कॅन केलेलं जुनं हस्तलिखित पान त्याच गटाच्या ऑनलाइन उताऱ्याशेजारी, फुकट, दिसायला हवं. आता भू-आधार क्रमांक आले, उद्या आणखी काही येईल, सॉफ्टवेअर पुन्हा बदलेल. त्या वेळी जुना आणि नवा उतारा प्रत्येक खातेदाराच्या पत्त्यावर पोचल्याशिवाय जुनं दप्तर बंद करू नये.

तोपर्यंत, ज्यांच्या ट्रंकेत हस्तलिखित उतारे आहेत त्यांनी ते ऑनलाइन उताऱ्याशी ताडून पाहावेत. आधी कंस बघा, मग क्षेत्र, मग इतर अधिकाराचा रकाना. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी जुन्या सातबाऱ्यांच्या आणि फेरफारांच्या प्रमाणित नकला आजच मागून घ्याव्यात, गावातली म्हातारी माणसं कंस कुणाला आणि का झाला हे सांगायला आहेत तोवर.