आई कुठे होती?

मैत्रिणींनो, व्यसनमुक्तीच्या कामात एक प्रश्न मी रोज ऐकते. मुलगी नशेला लागली, आई काय करत होती? मूल पाण्यात पडलं, आई कुठे होती? बाप कुठे होता, हे नोंदीत कुणी लिहीत नाही. कबूल करते, सुरुवातीची काही वर्षं मीही लिहिलं नाही.

'रेचल गेटिंग मॅरीड' हा २००८ सालचा अमेरिकन चित्रपट आम्ही गटात पाहिला, तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. दिग्दर्शक जोनाथन डेमी, पटकथा जेनी ल्युमेट या बाईंची. व्यसनमुक्ती केंद्रातून किम बहिणीच्या लग्नाला घरी येते. सोळाव्या वर्षी नशेत तिने गाडी तळ्यात घातली होती आणि धाकटा भाऊ ईथन बुडाला होता. कॅमेरा हातात धरलेला. लग्नाच्या व्हिडिओसारखा तो पाहुण्यांतून वाट काढतो, स्वयंपाकघरात शिरतो. भांडी रचण्याची हसतखेळत शर्यत चालू असताना मध्येच ईथनची ताटली हाती येते. सारं घर गप्प होतं.

पुढे किम आईला विचारते, मी नशेत असते हे ठाऊक असून त्याला माझ्यावर का सोपवलंस? आई तिच्यावर हात उगारते, तीही उलट मारते. प्रश्न खरा आहे. पण तो एकट्या आईलाच का? बाप प्रेमळ, सगळ्यांना खाऊ-पिऊ घालत फिरणारा. त्याला असा जाब कुणी विचारत नाही. बाईने लिहिलेल्या पटकथेतही नाही!

आता पुरस्कारांचं बघा. चित्रपटाला ऑस्करचं एकच नामांकन मिळालं, किम झालेल्या ॲन हॅथवेला. २००९ च्या समारंभात बक्षीस गेलं 'द रीडर'च्या केट विन्स्लेटकडे. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी ल्युमेटची पटकथा गौरवली होती, ऑस्करच्या यादीत ती आली नाही. बहीण झालेली रोझमेरी डेविट नाही, आई झालेली डेब्रा विंगरही नाही. हॅथवेचं काम उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. कुणी हे ठरवून केलं असंही मी म्हणत नाही. पण रडणारी, पश्चात्ताप करणारी मुलगी बक्षिसाच्या रांगेत उभी राहू शकते. न रडणारी, माफी न मागणारी, लग्नातून लवकर उठून जाणारी आई मात्र दाराबाहेरच राहते. भूमिका लहान होती म्हणाल, तर सहायक भूमिकेचं बक्षीस असतं कशासाठी?

आपल्या नोंदी आणि त्यांची बक्षिसं यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे आईचं दुःख मोजायचं राहून जातं, तिची चूक तेवढी मोजली जाते.

हा चित्रपट गटात जरूर दाखवा. मात्र चर्चेला बसाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: त्या दिवशी बाप कुठे होता?