दुखतं काय आणि लिहिलं जातं काय



सल्ला केंद्रात येणारी बाई आपलं दुखणं सांगताना शब्दांसाठी अडत नाही. कमरेत कळ येते, डोकं ठणकतं, पोटात गोळा उठतो, अंगाची आग होते, जीव घुसमटतो, आत काहीतरी सलत राहतं. यातलं शरीराचं कुठलं आणि मनाचं कुठलं, असा हिशेब ती करत नाही. तिचं सांगून होतं आणि कागद सुरू होतो. तिथे भाषा बदलते. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘बॉडी एक’ किंवा ‘सिम्पल इन्ज्युरी’ एवढंच उमटतं. असे कागद मी रोज वाचते. पुढे केस उभी राहते किंवा पडते ती या शब्दांवर, म्हणून कार्यकर्त्यांनी ते नीट समजून घ्यायला हवेत.

इंग्रजीत दुःखाला शब्द नाहीत असं नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावरच्या निबंधात तशी तक्रार केली होती खरी. पण १९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. ‘थ्रॉबिंग’ म्हणजे ठसठसणारी, ‘स्टॅबिंग’ म्हणजे भोसकल्यासारखी, ‘बर्निंग’ म्हणजे जळजळणारी. त्याच यादीत ‘फिअरफुल’, ‘पनिशिंग’ आणि ‘क्रुएल’ हेही शब्द आहेत. म्हणजे शरीराच्या वेदनेत भीती असते, शिक्षा भोगल्याची भावना असते, हे डॉक्टरांच्या शास्त्रानेही मान्य केलेलं आहे. खुद्द ‘पेन’ हा शब्द शिक्षा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको.

मग अडतं कुठे? कायद्यात. ‘हर्ट’ हा शब्द इंग्रजी माणूस मनालाही लावतो आणि गुडघ्यालाही. पण १८६० च्या दंड संहितेने ‘हर्ट’ची व्याख्या शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता एवढ्यापुरतीच केली. मराठीत आपण तिला दुखापत म्हणतो. त्यापुढची पायरी ‘ग्रिव्हस हर्ट’, म्हणजे जबर दुखापत. हा ‘ग्रिव्हस’ आणि शोकाला असलेला ‘ग्रीफ’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. दोन्ही जडपणा, ओझं सांगणाऱ्या लॅटिन शब्दातून आली. कायद्याने हाड मोडणं, डोळा जाणं, दात पडणं यांना ‘ग्रिव्हस’ म्हटलं आणि ‘ग्रीफ’ला दाराबाहेर ठेवलं.

ते दार किलकिलं व्हायला १९८३ साल उजाडलं. तेव्हा आलेल्या कलम ४९८ अ मध्ये क्रूर वागणुकीची व्याख्या करताना शारीरिक आरोग्यासोबत मानसिक आरोग्यही लिहिलं गेलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ स्वतंत्रपणे आला. मूल नाही, मुलगा नाही म्हणून दिलेले टोमणेही त्यात आले. या कायद्यात तक्रार करणाऱ्या बाईला इंग्रजीत ‘अग्रिव्ह्ड पर्सन’ म्हणतात. हेही त्याच मुळातलं भावंड. दाराबाहेर ठेवलेला शोक असा स्त्रियांच्या चळवळीने आत आणला.

तरीही फौजदारी तक्रारीत मोडलेलं हाडच बोलतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. साध्या दुखापतीला तिच्यात जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणून आपल्या बायांच्या हाती एनसीची पावती ठेवली जाते. जबर दुखापत दखलपात्र आहे आणि कैद सात वर्षांपर्यंत. या जबर दुखापतीच्या व्याख्येत एक कमी वापरला जाणारा भाग आहे. पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना किंवा पंधरा दिवस नेहमीची कामं करता न येणं, यालाही कायदा जबर दुखापत म्हणतो. पूर्वी हे दिवस वीस होते आणि जुलै २०२४ आधीच्या घटनेला वीसच धरले जातील.

त्यातला ‘किंवा’ लक्षात ठेवा. आपल्या बाया दुखणं अंगावर काढतात. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. मार खाल्लेली बाईही दुसऱ्या दिवशी पाण्याला जाते, भाकऱ्या थापते. ‘कामं तर करते आहे’ असं म्हणून तिची वेदना साधी ठरवली जाते. कायदा तसं म्हणत नाही. काम करत असली तरी पंधरा दिवसांची तीव्र वेदना पुरेशी आहे. फक्त ती कागदावर आलेली हवी.

ते काम आपलं आहे. बाईचं म्हणणं आधी तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहा. कळ म्हणाली तर कळ, ठणका म्हणाली तर ठणका. दुखतं कुठे, कधीपासून, रात्री झोप लागते का, वाकता येतं का, हंडा उचलता येतो का, हे तारखेनिशी नोंदवा. एकदा दवाखान्यात नेऊन थांबू नका. आठ दिवसांनी आणि पंधरा दिवस उलटल्यावर पुन्हा न्या आणि प्रत्येक वेळी दुखण्याची नोंद करून घ्या. केसपेपरवर काय लिहिलं ते डॉक्टरांना विचारा आणि बाईला मराठीत वाचून दाखवा. संरक्षण अधिकाऱ्याच्या कौटुंबिक घटना अहवालात भावनिक छळाचे रकाने आहेत. ते कोरे सोडू नका.

इंग्रजी येत नाही म्हणून कुणी कार्यकर्तीने मागे राहू नये. असे पंचवीस-तीस शब्द पाठ केले तरी बरंच काम भागतं. प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या बाया दुखण्यासाठी वापरतात त्या शब्दांची यादी करावी आणि शेजारी दवाखान्यातला, पोलीस ठाण्यातला शब्द लिहावा. आमच्याकडे पाठवा. सगळ्या मिळून त्यातून एक पुस्तिका तयार करू.