कोर्सचं नाव नको, सुपरव्हायझर पाहा

एम.ए.चे निकाल लागले की आपल्यापैकी अनेकांना एक फोन हमखास येतो. करमाळा, माढा किंवा इंदापूर बाजूचा पालक असतो, मुलीचं मानसशास्त्रात एम.ए. झालेलं असतं आणि विचारणा असते, ‘सर, पुढं कुठं घालू पोरीला?’ आपण सवयीने बंगळूरचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था अशी नावं सांगून मोकळे होतो. नावं बरोबरच आहेत, पण तिथल्या जागा मोजक्या. जिला तिथं प्रवेश मिळणार नाही, तिने काय पाहून संस्था निवडायची? तिथं आपण गप्प बसतो आणि माहितीपत्रकं बोलू लागतात.

आधी मान्यतेचं, कारण तिथली चूक नंतर निस्तरता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, हे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ठरवून दिलं आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण त्याला लागतं. आजवर ही वाट दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून जात होती. यूजीसीने एम.फिल. बंद केली, मग जानेवारी 2024 मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीला मुदतवाढ दिली, तीही 2025-26 च्या सत्रापर्यंतच. त्यामुळे अमुक संस्थेत एम.फिल. झालेल्या ताईचा अनुभव आता धाकटीच्या कामाचा नाही. जो अभ्यासक्रम घ्यायचा, त्याच वर्षाच्या प्रवेशाला मान्यता आहे ना, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहायला सांगा. ‘मान्यता प्रक्रियेत’ असं छापलेलं असेल तर फी भरू नये. खासगी संस्थेची फी लाखांत असते आणि ती बऱ्याचदा उसाच्या बिलातून नाहीतर सोसायटीच्या कर्जातून येते.

2025 मध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही थांबवायला सांगितले. घर-संसार सांभाळून शिकणाऱ्या खेड्यातल्या बायकांची त्यात अडचण झाली, हे खरं. तरी आमच्या मते निर्णय योग्यच आहे. पेशंटसमोर बसणं पोस्टाने शिकता येत नाही.

मान्यता हा उंबरठा झाला. आत काय आहे, हे सुपरव्हिजनवरून कळतं. समजा, उजनी धरणाच्या काठच्या गावातले सत्तरीचे आजोबा आलेत. झोप नाही, पोटात आग पडते, उन्हाळा आला की जास्त होतं. शिकाऊ विद्यार्थिनी प्रश्नावली भरून घेते, गुण मांडते, डिप्रेशन लिहिते. चांगला सुपरव्हायझर फाइल परत करून विचारतो, ‘यांचं मूळ गाव कुठलं?’ धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, कुठं जुन्या घरांची जोती दिसू लागतात. आजोबांचा त्रास त्याच दिवसांत का वाढतो, हे विचारलंच नाही तर हिस्टरी अर्धी राहते. कदाचित या दोहोंचा काही संबंध नसेलही, उसाचं देणं असेल, थायरॉइड असेल. पण विचारून मग बाजूला ठेवणं वेगळं आणि न सुचणं वेगळं. ही सवय पुस्तकातून लागत नाही. दर आठवड्याला कोणीतरी फाइल उघडून बसावं लागतं.

21 मे 2024 ची संध्याकाळही विसरण्यासारखी नाही. कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. अशा वेळी गावात पोचलेल्या समुपदेशकाने काय करावं? लोकांना बसवून ‘काय झालं ते सगळं सांगा’ म्हणणं हे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेचा सगळा भर आधी पाणी, निवारा, माहिती आणि आपल्या माणसांशी भेट यांवर आहे. बोलायची बळजबरी करू नका, असं ती बजावते. उमेदवार मुलीने संस्थेत हाच प्रश्न टाकावा: दुर्घटनेनंतरचं काम तुमच्याकडे कोण शिकवतं आणि त्यांनी ते स्वतः कुठं केलंय? उत्तर घुटमळलं तर समजून घ्यावं.

चाचण्यांचंही विचारावं. बिने-कामत मराठीत आहे, मॅलिनची बुद्धिमापन चाचणी नागपुरात घडली. त्या मराठी बोलणाऱ्या मुलांवर प्रत्यक्ष घेऊन शिकवतात की प्रात्यक्षिक वर्गमैत्रिणीवरच उरकतात? आणि निघण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारावं, गेल्या आठवड्यात सुपरव्हायझर तुमच्यासोबत किती वेळ बसले. माहितीपत्रकाच्या चकचकीत पानांपेक्षा हे उत्तर भरवशाचं.

आता आपल्याकडचं. काठच्या गावातली मुलगी पुण्याला शिकते आणि पुण्यातच राहते, म्हणून आपण हळहळतो. पण तिच्या शिक्षणात टेंभुर्णी, केत्तूर, कंदर कुठं आलेलंच नसतं. मान्यताप्राप्त संस्थांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात आपले विद्यार्थी पाठवावेत, अशी मागणी आपण लावून धरायला हवी. सोलापूर-इंदापूर पट्ट्यात काम करणाऱ्या ज्या नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वाचकांची रुग्णांच्या संमतीने आठवड्यातला एक दिवस विद्यार्थ्यांना सोबत बसवायची, त्यांच्या फाइली तपासायची तयारी आहे, त्यांनी पुढच्या अंकाआधी संपादकांना कळवावं. ती यादी आम्ही संस्थांकडे पाठवू.