'इतर'मध्ये काय काय आहे?

गेले तीन शनिवार उल्हासनगरात घालवले. विठ्ठलवाडीला उतरायचं, रिक्षाने कॅम्प नंबर पाच गाठायचा आणि संध्याकाळी परत बदलापूरला घरी. काम अर्थातच फुकटचं. ओळखीच्या एका शेठचा जीन्सचा होलसेल गाळा आहे. "तू कम्प्युटरवाला आहेस ना?" एवढ्या एका वाक्यावर मी त्यांना स्टॉकचं सॉफ्टवेअर लावून द्यायचं कबूल केलं. (हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही असा सॉफ्टवेअर इंजिनियर मला दाखवा!)

पहिल्या शनिवारी प्रॉडक्ट कॅटेगरी बनवल्या. आधी पुरुष, त्यात जीन्स, त्यात स्लिम किंवा रेग्युलर, त्यात स्ट्रेच किंवा साधं कापड. चार पायऱ्यांचं सुबक झाड. शेवटी सवयीने एक 'इतर' ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या शनिवारी बघतो तर आठवड्यात आलेला जवळजवळ सगळा माल 'इतर'मध्ये! एंट्री करणारे मामा अंबरनाथहून येतात, या गाळ्यात त्यांना वीसेक वर्षं झाली. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? ट्रेनिंग कमी पडलं. आमच्या धंद्यात चुकतो तो नेहमी युजर.

"मामा, अहो सगळं इतरमध्ये कसं?"

"साहेब, गिऱ्हाईक स्लिम मागत नाही. लॉट मागतं."

मग मी लॅपटॉप बंद केला आणि दिवसभर नुसता ऐकत बसलो. फोनवर, गल्ल्यावर फिरून फिरून तेच तीन प्रश्न. मागच्या वेळचा लॉट आहे का? सेट किती आहेत? कट साइजमध्ये काय निघेल? होलसेलात जीन्स एकेक करून जात नाही, २८ ते ३६ अशा मापांचा सेट जातो. मधलं एक माप संपलं की उरलेला माल कट साइज होतो आणि त्याचा भाव पडतो. म्हणजे शेठच्या दृष्टीने पुरा सेट आणि कट साइज हा फरक स्लिम-रेग्युलरपेक्षा कितीतरी मोठा. माझ्या झाडात त्याला फांदीच नव्हती.

त्याचा फटकाही त्याच दिवशी बसला. एका लॉटचे स्क्रीनवर ४० नग दिसत होते. पाच मापांचा सेट, म्हणजे आठ सेट, असा सरळ हिशेब करून शेठनी फोनवर आठ सेट कबूल केले. रॅकवर बघितलं तर ३२ नंबरचा एकही नग नाही. एक सेट पुरा होईना. आकडा बरोबर होता हो, ४० म्हणजे ४०च! शेठ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाई, ये पीस है कि सेट है?" त्यापेक्षा चिडले असते तर परवडलं असतं.

तर माझं मत आता असं झालंय: कॅटेगरी म्हणजे वस्तूचं वर्णन नव्हे. ती कुणीतरी रोज विचारत असलेल्या प्रश्नाचं उत्तर असते. तो प्रश्न कुणाचा हे ठरवल्याशिवाय झाड लावायला बसू नये.

साधं औषधाचं दुकान घ्या. पेशंट ताप-खोकला घेऊन आलेला असतो, तरी पुष्कळ दुकानांत गोळ्या आजारावर नाही, नावाच्या अक्षरावर नाहीतर कंपनीवर लावलेल्या असतात. कारण चिठ्ठीत गोळीचं नाव असतं. आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत, तिथे हाच प्रश्न जिवावर बेतू शकतो. 'ॲसिड' अशी एक कॅटेगरी करून ॲसेटिक आणि नायट्रिक एका कपाटात ठेवली तर कागदावर छान दिसेल. पण ॲसेटिक पेट घेणारं आणि नायट्रिक ऑक्सिडायझर, ही दोन शेजारी ठेवायचीच नसतात. तिथे गोदामातला प्रश्न 'हे काय आहे?' हा नसून 'हे कुणाशेजारी चालणार नाही?' हा असतो.

टिकाऊ कॅटेगरी बघायची तर खुद्द उल्हासनगरचे पत्ते बघा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. कितीतरी बराकी जाऊन तिथे इमारती आल्या, तरी पत्त्यात अजून बराक नंबर, सेक्शन, कॅम्प नंबर असतातच. कारण रिक्षावाला आजही तेच विचारतो.

आता शेठच्या अकाउंटंटची बाजू. त्यांना कॅटेगरी टॅक्सप्रमाणे हव्या होत्या. त्यांचंही चूक नाही, जीएसटीच्या बिलाला एचएसएन कोड लागतो. पुरुषांची जीन्स ६२०३, बायकांची ६२०४. पण टॅक्सचा दर ठरतो नगाच्या किमतीवर. आधी हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८ झाला. ज्यांनी '१२ टक्के जीन्स' अशी कॅटेगरी केली असेल त्यांचं झाड त्या दिवशी आडवं झालं असणार. रॅकवरची पँट मात्र जागची हलली नव्हती! म्हणून एचएसएन आणि दर स्वतंत्र रकान्यात ठेवावेत, कॅटेगरीत घुसवू नयेत. टॅलीतही स्टॉक ग्रुप आणि स्टॉक कॅटेगरी वेगवेगळे ठेवता येतात ते उगीच नाही. एकाच मालाकडे दोन माणसं दोन बाजूंनी बघतात.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येकाच्या मनासारखं करायला गेलात तर बाजार भरेल. खरंय. मामांच्या एंट्रीत 'जीन्स', 'जिन्स' आणि 'जीन' असे तीन प्रकार मला सापडले. यादी एकच हवी, ती निवडायची असावी, टाइप करायची नको, आणि नवीन नाव घालायचा अधिकार एकाच माणसाकडे हवा. माझं म्हणणं इतकंच की तो माणूस मी नसावा. मी शनिवारी येतो, माल रोज येतो.

तिसऱ्या शनिवारी सगळं उपटून नवीन लावलं. वर दोनच कॅटेगरी, पुरा सेट आणि कट साइज. आत लॉट नंबर. फिट, कापड, रंग ही नुसती माहिती, हवी तर शोधायला. सेटमधलं एखादं माप संपलं की लॉटचा उरलेला माल आपोआप कट साइजमध्ये जातो. दिसायला अगदी गबाळं आहे, पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं काही नाही. पण शेठ आता फोन चालू असतानाच उत्तर देतात.

'इतर' मी ठेवली आहे. पूर्वी मला ती अडगळ वाटायची, आता तक्रारपेटी वाटते. ती भरायला लागली की समजावं, आपण काहीतरी विचारायचं विसरलोय. काल त्यात एकच लॉट होता, डेनिमची जॅकेटं. सेट पुरा आहे, पण जीन्समध्ये बसत नाही. नवीन कॅटेगरी करू का म्हणून मामांना विचारलं.

"राहू द्या," मामा म्हणाले. "थंडीत कोणी मागितली तर करू."