लाखो मोडी कागद जपले, पण वाचणार कोण?

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा केली. १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. आज मंडळाच्या संग्रहात नाणी, ताम्रपट, चित्रं आणि लाखो कागदपत्रं आहेत.

अडचण लिपीची आहे. यातले बहुतांश कागद मोडीत आहेत. छपाईत देवनागरी रुळली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांमधूनही गेली. त्यामुळे पणजोबांचं खरेदीखत आज घरात कुणालाच वाचता येत नाही.

ही अडचण फक्त अभ्यासकांची नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सरकारी यंत्रणेलाही मोडी वाचणारे शोधावे लागले.

स्कॅन केल्याने कागद टिकतो, मजकूर कळत नाही. म्हणूनच इतिहास मंडळांसाठी मोडीचे वर्ग संग्रहालयाइतकेच महत्त्वाचे आहेत.